बाटली प्रेशर धरते, मग पाइप का नाही?

या वेळचं पत्र एका पाइपवाल्याचं आहे. त्यांच्याकडे पाइप काढायच्या मशिनांच्या दोन लाइनी आहेत, एक एचडीपीईची (काळ्या, लवचिक पाइपाचं प्लास्टिक), एक पीव्हीसीची. पत्र लांबलचक आहे, थोडं कापून देतोय (त्यातलं पेट म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, फ्लेक्स म्हणजे त्याचे बारीक तुकडे, हॉपर म्हणजे माल ओतायचं नरसाळं, डाय म्हणजे वितळलेला माल ज्यातून पाइप होऊन निघतो ते तोंड):

"बाटल्यांचे धुतलेले पेट फ्लेक्स मला कायम आणि स्वस्तात मिळू शकतात. नवीन दाण्याच्या भावात हातात काही उरत नाही, म्हणून एक लाइन पूर्ण रिसायकल पेटवर न्यायचं डोक्यात आहे. मशिनवाला म्हणतो फक्त टेंपरेचर वाढवा, बाकी सगळं तेच. म्हणून सुट्टीच्या दिवशी एचडीपीईच्या लाइनवर ६३ एमएमची ट्रायल घेतली, २७० ला. हॉपरच्या तोंडाशी माल गोळा होऊन अडकत होता, डायमधून पाण्यासारखं गळत होतं, बुडबुडे, काळे ठिपके, आणि जो हातभर पाइप निघाला तो पांढरट, खाली टाकला तर काचेसारखा फुटला. कोल्ड्रिंकची बाटली एवढं प्रेशर धरते, मग पाइप का फुटतो? कोणती लाइन बदलू आणि तिच्यात काय काय बदलू? एकजण माल घट्ट करायची पावडर देतो म्हणतोय, घेऊ का? नाहीतर एचडीपीईमध्येच दहा-पंधरा टक्के पेट टाकून चालवलं तर? दोन टन फ्लेक्स आणून ठेवलेत, त्यांचं काय करू?"

नमस्कार. आधी सरळ उत्तर देतो, कारणं मग. पाण्याचा प्रेशर पाइप पेट फ्लेक्समधून करू नका. पीव्हीसीच्या लाइनजवळ तर पेट नेऊच नका. एचडीपीईच्या लाइनचा खर्च कमी करायचाय ना, तर तिच्यावर रिसायकल एचडीपीई चालवा, बिनप्रेशरच्या पाइपला. आणि पेटच करायची हौस असेल तर प्रॉडक्ट दुसरं निवडा, त्याला लाइनही वेगळी लागेल. तुम्ही ट्रायल घेतलीत ते मात्र छान केलंत, कारण त्या हातभर पाइपात जवळजवळ सगळी उत्तरं आहेत, फक्त एकेक करून वाचायला पाहिजेत.

बाटलीपासून सुरू करू, कारण सगळ्यांची गफलत इथेच होते. कोल्ड्रिंकची बाटली आतून तीन-चार बार प्रेशर धरते आणि तिची भिंत असते साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर, हे खरं आहे. पण ही ताकद नुसत्या पेटची नाहीये, ताणण्याची आहे. आधी जाड प्रीफॉर्म, म्हणजे बाटलीचा छोटा नळा बनतो, तो पुन्हा १०० अंशांच्या आसपास गरम करतात आणि मग उभा-आडवा दोन्हीकडून ताणून फुगवतात, त्यात आतल्या साखळ्या (प्लास्टिकचे लांबलचक रेणू) ताणाच्या दिशेने लागतात आणि माल कित्येक पट मजबूत होतो. तुमच्या पाइपात हे काहीच होत नाही. डायमधून निघाला, व्हॅक्युम टँकमध्ये (पाण्याने गार करायच्या टाकीत) गेला, गार झाला, संपलं. त्याच बाटलीचं जाड तोंड, जिथे आटे असतात, ते ताणलेलं नसतं, आणि तुमचा पाइप म्हणजे सगळाच्या सगळा तसा माल, तोही एकदा वापरून झालेला. (ताणलेले पाइप जगात आहेत बरं का, पीव्हीसी-ओ म्हणतात त्यांना, पण त्यासाठी सगळी यंत्रणाच निराळी असते.)

आता गळण्याचं. फ्लेक्स सरळ गोणीतून हॉपरमध्ये टाकले असणार, पत्रात ड्रायरचा शब्दसुद्धा नाहीये. एचडीपीईला ओल लागली तर बुडबुडे येतात, फार तर पाइप खराब दिसतो, माल तसाच राहतो. पेटचं तसं नाही, वितळलेल्या पेटमध्ये पाणी असलं की ते साखळ्या तोडतं. पाण्याचा एक रेणू, एक साखळी तुटली, इतका सरळ हिशोब आहे, करूनच दाखवतो. बाटलीच्या पेटच्या साखळीचं सरासरी वजन २५,००० धरा, म्हणजे एक किलो मालात ४० मिलिमोल साखळ्या झाल्या. त्या किलोत ०.१ टक्का ओल असली तर एक ग्रॅम पाणी, म्हणजे ५५ मिलिमोल. साखळ्या ४० आणि कात्र्या ५५! सगळं पाणी कामाला लागलं तर साखळीची सरासरी लांबी निम्म्याच्याही खाली जाते. आणि ०.१ टक्का म्हणजे काही भिजलेला माल नव्हे, उघड्यावर ठेवलेला पेट नुसत्या हवेतून याच्यापेक्षा जास्त ओल घेतो, हाताला एकदम कोरडा लागतो तरी. म्हणून पेटवाले ५० पीपीएमच्या (दहा लाखात ५० भाग) खालची ओल मागतात, तेवढ्यात नुकसान सहा-सात टक्क्यांवर थांबतं.

साखळीची लांबी बाजारात आयव्ही या आकड्याने मोजतात. बाटलीचा नवीन माल साधारण ०.७२ ते ०.८४, धुतलेले चांगले फ्लेक्स ०.७० ते ०.७५ च्या आसपास, आणि प्रत्येक वेळी वितळवलं की तो अजून थोडा उतरतो, कोरडा माल असला तरी. डायमधून निघालेला नळा सायझिंग स्लीव्हपर्यंत (पाइपाचं माप ठरवणाऱ्या नळीपर्यंत) हवेत लोंबकळत जायचा आणि आकार धरून ठेवायचा तर आयव्ही १.० च्या आसपास लागतो. म्हणजे कोरडा करूनसुद्धा तुमचा माल पाइपसाठी पातळच पडणार होता, ओला टाकल्यावर तर पाणीच झालं त्याचं. टेंपरेचर वाढवून हे सुटत नाही, उलट आणखी पातळ होतं, त्यामुळे मशिनवाल्याचा सल्ला एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्या.

हॉपरच्या तोंडाशी गोळे का झाले तेही यातच आलं. पेट ७०-८० अंशांला मऊ पडायला लागतं, आणि बाटलीच्या तोंडाकडचे जे न ताणलेले जाड तुकडे असतात ते या टेंपरेचरला एकमेकांना चिकटतात. म्हणून आधी क्रिस्टलायझर लागतो, म्हणजे माल सतत ढवळत गरम करायचा, तुकडे पांढरे पडले की मग चिकटत नाहीत. त्यानंतर डेसिकंट ड्रायर, म्हणजे आधी हवेतली ओल शोषून घेणारा, १६० ते १७० अंश, चार ते सहा तास, हवेचा ड्यू पॉइंट उणे ४०, म्हणजे हवा एकदम कोरडी. साधा हॉट एअर हॉपर चालत नाही, तो बाहेरचीच दमट हवा तापवून परत मालावर सोडतो. आणि ड्रायर केवढा लागेल ते बघा. ताशी १५० किलो चालवायचं म्हटलं आणि पाच तास वाळवायचं, तर ड्रायरमध्ये कायम ७५० किलो माल पाहिजे. दाणा असता तर एक घनमीटरच्या आत मावला असता, पण फ्लेक्स फुगीर, घनमीटरला साधारण ३०० किलो बसतात, म्हणजे अडीच घनमीटरची टाकी, ती पण दिवसरात्र तापलेली. विजेचा हिशोब यात अजून धरलेलाच नाही. फ्लेक्स स्वस्त का मिळतात ते इथे कळायला लागतं. व्हेंटवर (वाफ निघायच्या भोकावर) व्हॅक्युम लावलेले ट्विन स्क्रू एक्स्ट्रुडर, म्हणजे दोन स्क्रूंनी माल वितळवून ढकलणारी मशिनं असतात, ते न वाळवलेला माल घेतात, पण तो एक्स्ट्रुडर तुमच्याकडे नाही आणि एका पाइपासाठी कोणी तो घेत नाही.

पांढरटपणा आणि फुटणं. थोडा पांढरेपणा बॅरलमध्ये (ज्या नळकांड्यात स्क्रू फिरतो त्यात) उरलेल्या एचडीपीईचा असू शकतो, दोन्ही एकमेकांत विरघळत नाहीत. पण मोठं कारण गार होण्याचं आहे. पेट सगळ्यात झपाट्याने क्रिस्टल बांधतं (साखळ्या शिस्तीत रचून बसतात) ते १७० ते १९० अंशांच्या पट्ट्यात, तिथून ते पटकन खाली उतरलं तर पारदर्शक आणि चिवट राहतं, रेंगाळलं तर पांढरं आणि ठिसूळ. तुमचा ६३ एमएम पाइप एसडीआर ११ चा (व्यास भिंतीच्या ११ पट) असेल तर भिंत ५.८ एमएम, आणि पाणी लागतं फक्त बाहेरून. आतली बाजू किती वेळ त्या पट्ट्यात बसून राहते विचार करा. एचडीपीईपण क्रिस्टल बांधतंच की, पण ते शून्याच्या कितीतरी खालीसुद्धा रबरासारखं वागतं, पेट मात्र ७५ अंशांच्या खाली काचच असते. वर साखळ्या आधीच तुटलेल्या. फुटणारच. एक-दीड मिलिमीटरपर्यंतची पातळ भिंत नीट गार करता येते, जाड भिंतीत हे भांडण मिटत नाही.

काळे ठिपके मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण हा भाग सगळ्यात धोक्याचा आहे आणि पीव्हीसीच्या लाइनचं उत्तरही यातच आहे. फ्लेक्स धुताना टाकीत तरंगवून वेगळे करतात, झाकणं एचडीपीई-पीपीची असतात ती वर येतात, पेट तळाला जातं. पण पीव्हीसीचं वजन पेटइतकंच, दोन्हीची घनता १.३३ ते १.४५ च्या मधे कुठेतरी, त्यामुळे लेबलचा किंवा कुठल्या बाटलीचा पीव्हीसी तुकडा पेटबरोबर गुपचूप खाली बसतो आणि तुमच्या गोणीत येतो. पीव्हीसी चालवायचं टेंपरेचर १८०-१९०, पेटच्या २७० ला ते जळून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सोडतं, मग काळे ठिपके तर येतातच, वर ते ॲसिड पेटच्या साखळ्या तोडायला पाण्याला मदत करतं आणि स्क्रू-बॅरल खातं ते वेगळंच. गोणीतल्या दोन-चार तुकड्यांनी एवढं होत असेल, तर ज्या बॅरलमध्ये वर्षानुवर्षं पीव्हीसी चाललंय, डायच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसलंय, ते बॅरल २७० ला नेलं तर काय होईल? तो वायू तुमच्या ऑपरेटरच्या छातीत जाणार. नीट साफ करून मग चालवू असंही म्हणू नका, पीव्हीसीचा कोनिकल ट्विन स्क्रू मुळात त्या कामाचा नाहीच. अजून एक, ग्राइंडर एकच असेल तर पीव्हीसीनंतर त्यात पेट टाकू नका, चिमूटभर पीव्हीसी सगळा लॉट घालवते.

लॉट बघायची सोपी टेस्ट सांगतो. मूठभर फ्लेक्स ट्रेवर एकेरी पसरा आणि लॅबच्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवा, हवा खेळती पाहिजे आणि खाण्याचा ओव्हन अजिबात नको. पीव्हीसीचे तुकडे तपकिरी-काळे होतात, लेबलचा गोंद राहिलेले पिवळे पडतात, चांगलं पेट पांढरं होऊन तसंच राहतं. काळा तुकडा खात्रीने ओळखायचा असेल तर तांब्याची तार लाल तापवून त्याला लावा आणि परत ज्योतीत धरा, हिरवी झाक आली की क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे दार-खिडकी उघडी ठेवूनच करा. व्यापाऱ्यासमोर केलीत तर बोलणं आपोआप छोटं होतं.

पावडरचं. चेन एक्स्टेंडर असणार ती, इपॉक्सीवाली किंवा पीएमडीए नावाची. काम करते, खोटं नाही, तुटलेल्या साखळ्या परत जोडते आणि टक्का-अर्ध्या टक्क्यातसुद्धा माल बराच घट्ट होतो. पण ओल्या मालावर टाकली तर एका हाताने जोडायचं आणि दुसऱ्या हाताने तोडायचं असं चालतं. जास्त झाली की जेल होतात, पाइपवर मोहरीएवढे दाणे उठतात, प्रेशर वरखाली होतं. आणि प्रत्येक लॉटचा आयव्ही वेगळा, तेव्हा डोस पण प्रत्येक लॉटला वेगळा, म्हणजे आयव्ही मोजायची सोय पाहिजे. ती नसेल तर पावडर अंदाजपंचे पडते. दुसरा रस्ता आहे, एसएसपी म्हणतात, घन अवस्थेतच २००-२२० अंशांवर व्हॅक्युममध्ये तासन्‌तास ठेवून आयव्ही चढवायचा, पण तो एक वेगळा प्लांटच आहे.

समजा हे सगळं केलंत, ड्रायर आणला, आयव्ही चढवला, स्क्रू बदलला (एचडीपीईच्या लाइनचा खाचा असलेला फीड भाग कडक फ्लेक्सला मानवत नाही, साधा गुळगुळीत पाहिजे), कचरा गाळायच्या बारीक जाळीचा न थांबता बदलणारा स्क्रीन चेंजर लावला, वितळलेला माल एकसारखा ढकलणारा मेल्ट पंप लावला. तरी प्रेशर पाइप म्हणून तो विकायचा कसा? पीई १०० (प्रेशर पाइपाच्या एचडीपीईचा दर्जा) च्या मागे काय आहे ते बघा, आयएसओ ९०८० प्रमाणे ९,००० तासांच्याही वर पाइपाला वेगवेगळ्या टेंपरेचरला प्रेशरखाली ठेवून, त्यावरून २० अंशांच्या पाण्यात ५० वर्षांनी किती ताकद उरेल ते काढतात, तिथून त्या दर्जाचा १० मेगापास्कलचा आकडा येतो. ही परीक्षा त्या एका ठरलेल्या कंपाउंडची असते. तुमच्या फ्लेक्सचा कंपाउंड दर ट्रकला बदलणार, असा कागद त्याला कोण देणार? शिवाय पेट गरम पाण्यात हळूहळू तुटत राहतं, अल्कलीशी तर त्याचं अजिबात जमत नाही आणि ओलं काँक्रीट म्हणजे अल्कलीच. जोडणीचं तर विचारूच नका. एचडीपीईसारखं बट वेल्डिंग केलं तर सांधा सावकाश गार होऊन तिथेच ठिसूळ होतो, पीव्हीसीचं सोल्युशन पेटला धरत नाही. गिऱ्हाईकाने पाइप जमिनीत पुरला आणि दोन वर्षांनी सांधा सुटला, तर तो शिव्या मशिनवाल्याला देणार नाहीये.

एचडीपीईत दहा-पंधरा टक्के मिसळणं? नको. एचडीपीई २०० च्या आसपास चालतं, पेट वितळतं २५० च्या वर. म्हणजे फ्लेक्स न वितळता भिंतीत तसेच टोकदार तुकडे म्हणून बसणार आणि चीर तिथूनच सुरू होणार. टेंपरेचर वाढवून वितळवलंत तरी दोघं वेगवेगळेच राहतात, जुळवणारं केमिकल घालावं लागतं, आणि एवढं करून मिळतं काय तर साध्या एचडीपीईपेक्षा कच्चा पाइप.

मग करायचं काय. तुमच्याकडे एचडीपीईची चालू लाइन आहे, हात बसलेला ऑपरेटर आहे, तर रिसायकल एचडीपीई शोधा. केबल डक्ट, शेतातल्या पाण्याच्या निचऱ्याचे पाइप, असल्या बिनप्रेशरच्या मालाला ते उत्तम चालतं. ब्लो मोल्डिंगच्या (फुगवून बनवलेल्या) बाटल्या-कॅन-ड्रम यांचा माल घ्या, त्याचा एमएफआय, म्हणजे वितळल्यावर किती सहज वाहतो तो आकडा, कमी असतो, एक्स्ट्रुजनला जुळतो. झाकणांचा आणि इंजेक्शनचा माल पातळ, तो कमीच घ्या. पीपी किती मिसळलंय ते विचारा, वास बघा, धुतलेला माल नुसत्या गरम हवेत वाळवला तरी चालतो. उन्हात जाणारा पाइप असेल तर चांगला कार्बन ब्लॅक दोन-अडीच टक्के बसेल एवढं मास्टरबॅच (दाट रंगाचा दाणा) आणि ताजं अँटिऑक्सिडंट घालायला विसरू नका, जुन्या मालातलं वापरून संपलेलं असतं. या मालावर प्रेशर क्लासचा शिक्का मात्र कधीही मारू नका, बाटलीच्या एचडीपीईला सावकाश चीर जाण्याविरुद्ध पीई १०० इतका दम नसतो. जमलं तर पुढे तीन थरांची डाय घ्या, आत-बाहेर नवीन आणि मधल्या थरात रिसायकल, बिनप्रेशरच्याच पाइपला, मला वाटतं तुमच्यासाठी खरी बचत त्यात आहे.

आणि पेटचा मोह सुटतच नसेल तर स्ट्रॅपिंगची, म्हणजे खोकी बांधायची पट्टी बघा. तिच्यात फ्लेक्स शंभर टक्केसुद्धा चालतात, पट्टी पातळ म्हणून लगेच गार होते, आणि मग ती कित्येक पट लांब ताणतात, म्हणजे बाटलीची जी युक्ती पाइपात नव्हती ती इथे आहे. ड्रायर तिथेही लागतोच, त्यातून सुटका नाही. आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मग मशिन बघा.

ट्रायल परत घ्यायची खुमखुमी आली तर एवढं पाळा, पेट बॅरलमध्ये ठेवून मशिन बंद करू नका, एचडीपीईने ढकलून पूर्ण बाहेर काढा. वीज गेली आणि माल आत गोठला तर सगळे झोन पूर्ण तापून आतला माल वितळेपर्यंत स्क्रू फिरवायचा नाही, घाई केली तर स्क्रू तुटतो.

आता ते दोन टन. ओव्हन टेस्ट करा, चांगले निघाले तर फायबरवाल्याला किंवा स्ट्रॅपवाल्याला विका, त्यांना हाच माल लागतो आणि ड्रायर त्यांच्याकडे आधीच आहे. विकेपर्यंत गोण्या बंद, जमिनीवर नाही, आणि पीव्हीसीच्या ग्राइंडरपासून लांब. ट्रायलमधले लंप आणि तो फुटका पाइप मात्र यात टाकू नका, त्यात एचडीपीई मिसळलंय, आणि तुमच्या एचडीपीईच्या रिग्राइंडमध्येही (दळून परत वापरायच्या मालात) टाकू नका, त्यात पेट मिसळलंय. ते वेगळ्या गोणीत भरा, वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि भंगारात द्या, नाहीतर रात्रपाळीचा कोणीतरी तीच गोणी हॉपरमध्ये ओतेल.